देवगडच्या घाटाखालचा मुलूख : नागपूर जिल्ह्याची घडण

राजधानी हुकुमाने होते आणि हुकुमाने जाते. जमीन, नद्या, डोंगर आणि बाजाराच्या वाटा मात्र कोणत्याही राजपत्राची वाट पाहत नाहीत. नागपूर जिल्ह्याच्या गेल्या तीनशे वर्षांच्या इतिहासात हे सत्य वारंवार प्रत्ययास येते. हे नगर गोंड राजांची राजधानी होते, पुढे भोसल्यांचे झाले, त्यानंतर मध्यप्रांताचे झाले आणि अखेरीस मध्यप्रांत व वऱ्हाडाचे. १९५६ साली ते राजधानीपदावरून उतरले. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज या राजधानीच्या आश्रयाने आणि तिच्या बाजाराच्या ओढीने येथे येऊन स्थिरावले. आपण राहतो तो जिल्हा कसा घडला, त्याच्या सीमा कोणी आखल्या आणि त्या आखणीचे बरेवाईट परिणाम आजही आपणांस कसे भोगावे लागतात, याचा थोडक्यात परामर्श घेण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भूमीची ठेवण

नागपूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ९,८९२ चौरस किलोमीटर आहे. उत्तरेस मध्यप्रदेशातील छिंदवाडा, पांढुर्णा व शिवनी हे जिल्हे, पूर्वेस भंडारा, दक्षिणेस चंद्रपूर, नैर्ऋत्येस वर्धा आणि वायव्येस अमरावती अशा त्याच्या चतुःसीमा होत. यांपैकी पांढुर्णा हा जिल्हा २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा काढण्यात आला.

या भूमीस दोन उतार आहेत. पश्चिमेकडील काटोल, नरखेड व हिंगणा या भागांतील बरेचसे पाणी जाम व वेणा या नद्यांवाटे वर्धा नदीस मिळते. मध्य व पूर्व भागाचे पाणी कन्हान, पेंच, कोलार, नाग व पिवळी या नद्यांवाटे वैनगंगेकडे जाते. पुढे वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते व ती गोदावरीस मिळते. म्हणजे काटोलच्या शेतातील आणि रामटेकच्या टेकडीवरील पावसाच्या थेंबांच्या वाटा जिल्ह्यात वेगळ्या झाल्या, तरी त्यांची अखेरची भेट ठरलेली आहे.

खडकांच्या बाबतीतही हीच दुफळी दिसते. पश्चिमेकडे दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण आणि त्यापासून झालेली काळी कापसाळ जमीन आहे. काटोल, नरखेड, कळमेश्वर व सावनेरच्या संत्राबागा याच बाजूस येतात. ईशान्येस रामटेककडे त्याहून कितीतरी प्राचीन खडक असून मनसर, कांद्री येथील मँगनीजच्या खाणी त्यांतच आहेत. या दोहोंच्या दरम्यान कामठी, सिल्लेवाडा आणि दक्षिणेस उमरेड येथे दगडी कोळशाचे थर सापडतात. पूर्व भागात तलाव व धानाची शेती, भिवापुराकडे मिरची, पश्चिमेस कापूस व संत्री, अशी एकाच जिल्ह्यात तीन प्रकारची शेती आढळते. मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी १९६२ साली स्थापन झाली व तिचे मुख्यालय नागपुरात आहे. कोळसा खाणींच्या पश्चिम विभागाचे मुख्यालयही येथेच आहे. हे मुख्यालयांचे वैभव राजधानीच्या पुण्याईने मिळाले असा आपला समज असतो, परंतु त्याचे मूळ कारण भूगर्भात आहे.

नागपुरातील शून्य मैलाच्या खांबाविषयीही येथे दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. हा खांब भारताचा मध्यबिंदू दाखवितो अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः १९०७ साली भूमापन खात्याने उभारलेले ते उंचीमापनाचे प्रमाणचिन्ह होय. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट ही त्यावर कोरलेली उंची हेच सांगते. नागपूर देशाच्या मध्याजवळ आहे हे खरे, पण खांबाचे काम मध्य दाखविण्याचे नसून उंची दाखविण्याचे होते.

हजार वर्षांपूर्वीचा 'जिल्हा'

बख्त बुलंद शहाने नागपूर वसविले हे सर्वश्रुत आहे. मात्र हे नाव त्याहून फार जुने आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या शके ८६२ (इ. स. ९४०) च्या देवळी ताम्रपटात 'नागपुर-नंदिवर्धन' या विषयातील गावाच्या दानाचा उल्लेख येतो. त्या काळी 'विषय' या शब्दाचा अर्थ जिल्हा असाच होता. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही येथे एक प्रशासकीय घटक होता आणि त्याच्या नावात नागपूर व रामटेक परिसर जोडीने नांदत होते. रामटेकच्या डोंगरावरील प्राचीन देवालये आणि पायथ्याशी असलेले श्री शांतिनाथ दिगंबर जैन अतिशय क्षेत्र पाहता, या भागाची सांस्कृतिक परंपरा आजच्या शहराच्या किती आधीची आहे, याची कल्पना यावी.

देवगडहून नागपुरास

गोंड राजांची मूळ राजधानी देवगड. तो किल्ला आज छिंदवाडा जिल्ह्यात, सातपुड्याच्या घाटावर आहे. बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास नाग नदीकाठच्या बारा वाड्या एकत्र करून नागपूरचा पाया घातला. त्याचा पुत्र चांद सुलतान याने घाटावरची राजधानी खाली मैदानात आणली, नगरास तट बांधला आणि जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, निर्माण केला. हा बदल केवळ हवापालटाचा नव्हता. घाटावरचा किल्ला संरक्षणास उत्तम, पण काळ्या जमिनीचे उत्पन्न आणि व्यापारी वाटा घाटाखाली होत्या. महसूल जेथे पिकतो तेथे कचेरी खाली उतरते, हा राज्यकारभाराचा जुना नियम येथे दिसतो.

१७४३ च्या सुमारास पहिल्या रघुजी भोसल्यांनी नागपुरावर आपला अंमल बसविला. भोसल्यांच्या राज्याचा विस्तार पूर्वेस ओरिसापर्यंत गेला आणि नागपूर ही एका मोठ्या सत्तेची राजधानी झाली. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी ही आठवडी बाजारांवरून पडलेली पेठांची नावे आजही आपल्या पत्त्यांत आहेत. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीची लढाई झाली व भोसल्यांची खरी सत्ता संपली. तिसरे रघुजी अल्पवयीन असल्याने काही काळ कारभार रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सच्या हाती होता. त्याने १८२७ साली या राज्याविषयी सविस्तर अहवाल लिहिला. त्या काळी मुलखाची वाटणी 'घाटावरील देवगड' आणि 'घाटाखालील देवगड' अशी होत असे. आपला नागपूर जिल्हा म्हणजे हाच घाटाखालचा देवगड. राजधानी खाली येऊन शंभर वर्षे उलटली तरी कागदोपत्री मुलखाचे नाव मात्र वरच्या गडाचेच राहिले.

डेप्युटी कमिशनर, तहसील आणि मालगुजार

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी निपुत्रिक वारले व लॉर्ड डलहौसीने १८५४ साली राज्य खालसा केले. १८६१ साली नागपूरचा प्रांत आणि सागर व नर्मदा मुलूख एकत्र करून मध्यप्रांत निर्माण करण्यात आला व नागपूर त्याची राजधानी झाली. पुढच्याच वर्षी, १८६२ साली, नागपूर जिल्ह्याचा नैर्ऋत्य भाग तोडून वर्धा जिल्हा वेगळा करण्यात आला. आजच्या जिल्ह्याची आकृती त्यानंतर पुष्कळशी कायम झाली.

मुंबई इलाख्याहून येथील कारभाराची रीत निराळी होती. मुंबईकडे जिल्ह्याचा प्रमुख कलेक्टर, तर येथे डेप्युटी कमिशनर. वऱ्हाडात तालुका, तर येथे तहसील. मुंबई व वऱ्हाडात सरकारचा संबंध थेट शेतकऱ्याशी, म्हणजे रयतवारी. येथे मात्र १८६० नंतरच्या तीस वर्षांच्या बंदोबस्तात गावाचा सारा भरण्यास जबाबदार असणाऱ्या मालगुजारास गावाची मालकी देण्यात आली. विसाव्या शतकाच्या आरंभी जिल्ह्यात नागपूर, रामटेक, काटोल व उमरेड अशा चार तहसिली होत्या. सावनेर पुढे वाढली.

मालगुजारीचे मूल्यमापन एका शब्दात करता येत नाही. तिच्यामुळे अनेक कष्टाळू कुळे पिढ्यान्‌पिढ्या कुळेच राहिली, हे नाकारता येणार नाही. दुसऱ्या बाजूस, गावोगावचे तलाव बांधणे व राखणे यात मालगुजारांचा व गावकऱ्यांचा मोठा वाटा होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ साली त्याचा अंमल झाला. तलाव शासनाकडे आले. आज सरकारी कागदांत त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात आणि लोक त्याचेच संक्षिप्त रूप करून 'मामा तलाव' म्हणतात. मालक बदलला, परंतु गाळ काढणारा कोण, हा प्रश्न तेव्हापासून नीटसा सुटलेला नाही.

राजधानीचे शहर आणि बाजाराचे शहर

प्रांताची राजधानी झाल्यावर नागपुरात दोन शहरे निर्माण झाली. सीताबर्डीच्या टेकडीच्या पश्चिमेस सिव्हिल लाइन्सचे, झाडांच्या सावलीतले कचेऱ्यांचे शहर. पूर्वेस महाल, इतवारी, गांधीबागचे दाट वस्तीचे, बाजाराचे शहर. मधून रेल्वे. १८६४ साली नगरपालिका आली. १८६७ साली मुंबईहून रेल्वे नागपुरास पोहोचली, पुढे पूर्वेकडे बंगाल-नागपूर रेल्वेने कलकत्त्याची वाट उघडली. यापूर्वी १८२१ च्या छावणीमुळे कामठीस मोठी व्यापारी पेठ होती. रेल्वे आल्यावर तो व्यापार हळूहळू नागपुराकडे ओढला गेला.

आमच्या कापडाच्या धंद्याच्या दृष्टीने या काळाचे महत्त्व विशेष आहे. जमशेटजी टाटा यांनी १८७४ साली कंपनी काढून १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. गिरणीसाठी मुंबई सोडून नागपूर निवडण्यात त्यांची दूरदृष्टी होती. कापूस भोवताली पिकत होता, कोळसा जवळ होता, रेल्वे दारात होती आणि कापड नेसणारा गिऱ्हाईक चोहोबाजूंस होता. त्याच काळात नागपूर व उमरेडचे कोष्टी बंधू रेशीमकाठी धोतरे व लुगडी विणीत होते आणि त्यांच्या बारीक सुताची ख्याती दूरवर होती. गिरणीचे कापड व हातमागाचे कापड एकाच पेठेत विकले जाई. १९८६ साली एम्प्रेस मिल राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली व २००२ साली तिचा भोंगा कायमचा थांबला. घाऊक कापडबाजार मात्र टिकला, कारण तो गिरणीच्या आधारावर उभा नव्हता. तो भोवतालच्या दहाबारा जिल्ह्यांतील दुकानदारांच्या आधारावर उभा होता.

१९०३ साली वऱ्हाडचा कारभार नागपूरच्या चीफ कमिशनरकडे आला. १९२० अखेर चीफ कमिशनरच्या जागी गव्हर्नर आले. १९२३ साली विद्यापीठ, १९३६ साली उच्च न्यायालय, आणि १९४० साली त्याची भव्य इमारत अशी एकेक भर पडत गेली. स्वातंत्र्यानंतर याच प्रांताने जनपद योजना राबविली. १९४८ च्या कायद्याने साधारणतः प्रत्येक तहसिलीस एक जनपद सभा देण्यात आली. जिल्ह्याऐवजी तहसील हा स्थानिक स्वराज्याचा घटक मानण्याचा तो धाडसी प्रयोग होता. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या व तो प्रयोग इतिहासजमा झाला.

१ नोव्हेंबर १९५६

राज्य पुनर्रचनेनुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ हे आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. मध्यप्रदेशची राजधानी भोपाळ झाली, उच्च न्यायालय जबलपुरास गेले. नागपुरास उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारातील आश्वासने मिळाली. विधिमंडळाच्या एका अधिवेशनाची नागपुरात येण्याची प्रथा त्या करारातूनच आली. याच सुमारास घटनेत अनुच्छेद ३७१ (२) आले. त्यानुसार वैधानिक विकास मंडळ मात्र १९९४ साली स्थापन झाले आणि त्याची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

भाषिक राज्याचे तत्त्व न्याय्यच होते व मराठी जनतेने ते आनंदाने स्वीकारले. तथापि भाषेच्या सीमेने पाण्याची आणि बाजाराची सीमा कापली, ही गोष्टही नमूद करणे प्राप्त आहे. सौंसर, पांढुर्णा हा मराठीभाषक भाग पलीकडे राहिला. देवगड, म्हणजे नागपूरचे राजधानीपण जेथून आले तो किल्लाही पलीकडे राहिला. छिंदवाडा, शिवनी, बालाघाटचा जो दुकानदार काल आपल्याच प्रांतातला होता, तो एका दिवसात परराज्यातला झाला. त्याच वर्षी केंद्रीय विक्रीकराचा कायदा आला व आंतरराज्य विक्रीचे फॉर्म, नाके व चौक्या हे व्यापाऱ्याच्या जीवनाचे अंग झाले. कापडाच्या बाबतीत एक दिलासा मिळाला. १९५७ अखेर गिरणीच्या कापडावरील विक्रीकराऐवजी अतिरिक्त उत्पादन शुल्क लागू झाले, त्यामुळे आमच्या पेठेस सीमेची झळ इतरांपेक्षा कमी बसली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला व नाके उठले, पण कापड पुन्हा कराच्या कक्षेत आले. गंमत अशी की या सर्व स्थित्यंतरांत पांढुर्ण्याच्या गिऱ्हाईकाने इतवारीची वाट सोडली नाही. त्याच्या हिशेबी राजधानी भोपाळ असली तरी बाजार नागपूरच आहे.

पेंचचे पाणी

बाजाराने सीमेवर मात केली, परंतु पाण्यास ते साधले नाही. पेंच व कन्हान या दोन्ही नद्यांचा उगम छिंदवाडा जिल्ह्यात सातपुड्यात आहे. १९५६ पूर्वी उगम व संगम एकाच सरकारच्या हाताखाली होते. आज वरचा भाग एका राज्यात व खालचा दुसऱ्यात आहे. सीमेवरील तोतलाडोह धरण हा दोन राज्यांचा प्रकल्प असून त्याखाली नवेगाव खैरीचा जलाशय आहे. या पाण्यावर नागपूर शहराची तहान, कोराडी व खापरखेड्याची वीजकेंद्रे आणि पारशिवनी, रामटेक, मौदा भागातील शेती अशा तिघांचा हक्क आहे. छिंदवाडा जिल्ह्यात चौरईजवळ माचागोरा येथे वरचे धरण झाल्यापासून खाली येणारे पाणी कमी झाले. २०१९ च्या उन्हाळ्यानंतर पाऊस लांबला तेव्हा नागपूरकरांस दिवसाआड पाण्याचा अनुभव घ्यावा लागला. वरच्या शेतकऱ्यास दोष देता येत नाही, कारण नदी त्याचीही आहे. तुटीच्या वर्षी मात्र शहराची तहान आधी भागते आणि धानाच्या बांध्या मागे राहतात.

दुसरी बाजू नाग नदीची. शहर रामटेककडून निर्मळ पाणी घेते व नाग नदीवाटे मलिन पाणी कुहीकडे सोडते. तेच पुढे कन्हान व वैनगंगेवाटे गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. याच कुही तहसिलीतील अंभोरा हे स्थान मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधु'शी परंपरेने जोडलेले आहे. मराठीच्या आद्य ग्रंथाच्या संगमावर आपल्या नगराने काय पाठवावे, याचा विचार आपणच केला पाहिजे. २३ सप्टेंबर २०२३ च्या रात्रीच्या अतिवृष्टीत अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी काठच्या घरांत शिरली. नदीचा मार्ग आपण नकाशातून पुसला तरी नदी तो विसरत नाही, हे त्या रात्री कळून चुकले.

जिल्हा म्हणजे केवळ शहर नव्हे

आज जिल्ह्यात चौदा तहसिली आहेत : नागपूर शहर, नागपूर ग्रामीण, कामठी, हिंगणा, काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर, रामटेक, पारशिवनी, मौदा, उमरेड, कुही व भिवापूर. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४६,५३,५७० व नागपूर शहराची २४,०५,६६५ होती. म्हणजे जिल्ह्याच्या अडीच टक्क्यांहूनही कमी जागेत निम्म्याहून अधिक माणसे राहतात. वाणिज्याच्या विद्यार्थ्यास शिकविले जाते की ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. या न्यायाने पाहता शहराच्या जमेस पेंचचे पाणी, सावनेर-उमरेडचा कोळसा, काटोलची संत्री व पूर्वेकडचा तांदूळ आहे. खर्चाच्या बाजूस आपण तहसिलींना परत काय दिले, हा रकाना बराचसा कोरा दिसतो.

नागपूरचे राजधानीपद पुन्हा यावे की नाही, हा राजकारणाचा विषय असून त्यावर मतभेद असणे स्वाभाविक आहे. परंतु राजधानी असो वा नसो, जिल्ह्याचे शहर या नात्याने आपली काही कर्तव्ये आहेत. आपल्या दुकानी तेरा तहसिलींचा ग्राहक येतो, त्याच्या गावचा तलाव, त्याची नदी, त्याचा रस्ता हा आपल्याही आस्थेचा विषय झाला पाहिजे. ज्यांच्या घरी जुने मालगुजारीचे कागद, बंदोबस्ताच्या नकला वा पेढीच्या चोपड्या असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता जतन कराव्यात अशी नम्र विनंती आहे. गावोगावच्या तलावांची व वाटांची नोंद त्यांत सापडू शकते आणि पाण्याचा प्रश्न उभा राहिला की अशा नोंदीच उपयोगी पडतात. राजांचा, कमिशनरांचा व गव्हर्नरांचा अंमल संपला, तरी घाटाखालचा हा मुलूख आपल्या हाती तसाच आहे. तो पुढील पिढीच्या हाती देताना त्याच्या नद्या वाहत्या असाव्यात, एवढीच अपेक्षा. इत्यलम्.